प्राचीन जावानी महाभारत आणि संदर्भ-ग्रंथपाल

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिची चर्चा निघाली की शारदा, देवनागरी, मल्याळम या लिप्यांतील पोथ्यांचा उल्लेख हटकून होतो. वि. सी. सुखटणकर यांनी आदिपर्वाच्या संपादनात (१९३३) आणखी एका साक्षीदाराला बोलावले होते, त्याचे विस्मरण होते. तो साक्षीदार म्हणजे प्राचीन जावानी भाषेतील गद्य आदिपर्व होय.

या साक्षीचे मोल तिच्या काळात आहे. पूर्व जावाचा राजा धर्मवंश तगुह याच्या आश्रयाने पर्वांची ही रूपांतरे झाली. त्यांपैकी विराटपर्वात शके ९१८, म्हणजे इ. स. ९९६ हे वर्ष नोंदलेले आहे. महाभारताच्या उपलब्ध संस्कृत पोथ्या बहुतांशी याच्या कित्येक शतके नंतरच्या. रूपांतरकार मूळ श्लोकाचा एखादा चरण उद्धृत करतो आणि पुढे जावानीत त्याचा अर्थ देतो. हे चरण नकलाकारांच्या हातून पुष्कळ भ्रष्ट झाले आहेत. तरीही कोणता श्लोक त्या काळी कोणत्या क्रमाने होता, याचा माग त्यांवरून लागतो. मात्र रूपांतर संक्षिप्त असल्याने एखादी कथा तेथे नाही एवढ्यावरून ती मूळ संस्कृतातही नव्हती, असे म्हणता येत नाही. उद्धृत चरणाची साक्ष निराळी व सारांशाची निराळी.

येथे संदर्भ-ग्रंथपालाचे काम सुरू होते, आणि ते बव्हंशी भाषाशास्त्राचे आहे. यॉयनबोल यांनी संपादिलेले आदिपर्व (१९०६) व विराटपर्व (१९१२) हॉलंडमध्ये रोमन लिपीत छापले गेले. आपल्या 'व'साठी तेथे 'डब्ल्यू' येतो. म्हणून भारतीय वळणाने 'व्ही' धरून 'विराटपर्व' शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परततो. स्थलनामांची गत याहून बिकट. सुराबाया या एकाच नगराचे नाव डच अमदानीतील, १९४७ नंतरच्या आणि १९७२ नंतरच्या लेखनपद्धतींत तीन तऱ्हांनी आढळते. ग्रंथ कोणत्या साली छापला हे विचारल्यावाचून नाव कोठे पाहावे हेच कळत नाही.

हस्तलिखितांचे तेच. जावानी पर्वे टिकली ती मुख्यतः बाली बेटावरील ताडपत्रांमुळे. या पत्रांना तेथे 'लोंतार' म्हणतात. 'रोन' म्हणजे पान व 'ताल' म्हणजे आपला ताड. त्या 'रोनताल'मधील वर्णांची अदलाबदल होऊन हा शब्द झाला. बालीतील सिंगराजा येथे १९२८ साली स्थापन झालेला संग्रह आणि हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचा संग्रह ही यांची दोन प्रमुख ठिकाणे. लायडनच्या संग्रहासाठी पिजो यांची सूची (१९६७–७०) हाताशी हवी. अनेक लोंतारांची छायाचित्रे आता संगणकावर पाहता येतात. त्यामुळे नंदुरबारच्या अभ्यासकालाही पोथी दूर राहिलेली नाही. दूर आहे ती तिची नोंद. ग्रंथपालाने आपल्या सूचीत 'विराटपर्व' या शीर्षकाखाली जावानी लेखनाकडे निर्देश करणारे एक पत्रक घातले, तर ते अंतर बरेच कमी होते.