पुण्याचा करार व भंडाऱ्याचा कौल

तह झाला म्हणजे कलह मिटला, अशी सामान्य समजूत असते. परंतु अडचणीत सापडून केलेल्या सौद्यावर सही पडली तरी मन बसत नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस अनुभवाने ठाऊक आहे. समाजासमाजांतील तहांचीही हीच गत होय, आणि त्याचा दाखला शोधण्यास भंडारेकरांस दूर जावयास नको.

१९३२ च्या आरंभी नागपूरचे डॉ. मुंजे व मद्रासचे एम. सी. राजा यांनी संयुक्त मतदारसंघांचा करार केला. वऱ्हाडचे ग. आ. गवई त्यास अनुकूल होते. उलट मे महिन्यात कामठीस भरलेल्या परिषदेने डॉ. आंबेडकरांची स्वतंत्र मतदारसंघांची मागणी उचलून धरली. वाटाघाट पुरी होण्यापूर्वीच अस्पृश्य वर्गात असे दोन तट पडले.

ऑगस्टात ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवाड्याने स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २० सप्टेंबरास गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभिले व २४ तारखेस पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. थोर पुरुषाचा प्राण पणास लागला असता दुसऱ्या पक्षास 'नाही' म्हणण्याची मोकळीक कितीशी उरते? सवर्णांस वाटले, आपण उदारपणे दिले. अस्पृश्यांतील अनेकांस वाटले, आपले काढून घेतले. कागद एकच, वाचन दोन!

पुढे १९५४ साली भंडाऱ्यास लोकसभेची पोटनिवडणूक झाली. जागा राखीव, मतदार मात्र सर्व जातींचे. डॉ. आंबेडकर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांजकडून पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर मात्र अशोक मेहता निवडून आले. बोरकरही दलित वर्गातीलच व लोकांनीच निवडलेले, हे खरे. तथापि राखीव जागेवर अखेरचा शब्द कोणाचा, ज्यांच्यासाठी ती राखली त्यांचा की बहुसंख्याकांचा, हा १९३२ चा प्रश्न त्या कौलाने पुन्हा उभा केला.

तह करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तहास विरोध करणारा तो द्रोही, ही भाषा दोन्ही बाजूंनी सोडावी. आणि बलिष्ठ पक्षाने दिलेले धर्मादाय खाती न मांडता देणे खाती मांडावे. दानाचे उपकार सांगितले जातात. देणे फिटले म्हणजे दोघेही मोकळे होतात.