घरपट्टी आणि पालिकेचा अर्थसंकल्प: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारी आला की नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूरच्या नगरपरिषदांत आणि धडगावच्या नगरपंचायतीत दोन कामांची लगबग सुरू होते. वसुलीची पथके मार्चअखेरच्या आधी थकबाकीदारांची दारे ठोठावू लागतात आणि नळ तोडण्याच्या नोटिसा निघतात. त्याच सुमारास सभागृहात पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मांडला जातो. वसुलीची चर्चा गल्लोगल्ली होते. अर्थसंकल्पाची बातमी मात्र एका चौकटीत छापून येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. या दोन गोष्टी एकाच हिशेबातल्या जमा आणि खर्चाच्या बाजू आहेत. त्या वेगळ्या मानल्यामुळे अनेक समजुती रुजल्या आहेत आणि त्यांचा तोटा शेवटी आपल्यालाच होतो.

गैरसमज: अर्थसंकल्प शंभर कोटींचा, म्हणजे पालिकेकडे शंभर कोटी आहेत.

वस्तुस्थिती: अर्थसंकल्प हा अंदाज असतो. त्यातल्या जमेच्या बाजूला चार प्रकारचा पैसा दिसतो. पहिली असते आरंभीची शिल्लक. दुसरे पालिकेचे स्वतःचे उत्पन्न: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, आठवडे बाजाराची फी, बांधकाम परवानगीचे शुल्क. तिसरी महसुली अनुदाने, ज्यांवर पगार आणि रोजचा कारभार चालतो. चौथी भांडवली अनुदाने, म्हणजे नगरोत्थान अभियानासारख्या योजनांतून रस्ते, गटारे, पाणीयोजना यांसाठी मिळणारा निधी. मोठे आकडे बहुधा या चौथ्या रकान्यात असतात. त्यातले किती प्रत्यक्षात येतील हे मुंबई-दिल्लीच्या मंजुरीवर अवलंबून असते.

आलेला पैसाही मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानाची विभागणी ठरवून दिली होती. ६० टक्के रक्कम बंधित, त्यातली निम्मी स्वच्छता व घनकचऱ्यासाठी आणि निम्मी पाण्याच्या कामांसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, पण तीही पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हती.

‘शिलकी अर्थसंकल्प’ या शब्दांनीही असाच घोटाळा होतो. शिल्लक आहे तर आमच्या कॉलनीत दिवे का लागत नाहीत, हा प्रश्न रास्त वाटतो. परंतु त्या शिलकेतला मोठा भाग एखाद्या योजनेसाठी आलेला आणि अजून खर्च न झालेला पैसा असू शकतो. तो दिव्यांकडे वळवणे नियमबाह्य ठरते. सभागृहाला शहराची गरज पाहून जो पैसा वापरता येतो, तो मुख्यतः स्वतःच्या उत्पन्नातला असतो आणि त्या उत्पन्नाचा कणा म्हणजे घरपट्टी.

गैरसमज: व्यापारी एवढा जीएसटी भरतात, मिरचीच्या बाजारात एवढी उलाढाल होते, मग शहराला घरपट्टीची गरज काय?

वस्तुस्थिती: नंदुरबारची मिरची देशभर जाते, पण त्या उलाढालीवरचा कोणताही मोठा कर थेट नगरपरिषदेच्या खात्यात जमा होत नाही. जीएसटी केंद्र आणि राज्यात वाटला जातो. बाजार शुल्क कृषी उत्पन्न बाजार समितीचे असते. व्यवसाय कर आणि वाहन कर राज्याचे.

एके काळी चित्र वेगळे होते. शहरात येणाऱ्या मालावर पालिका जकात घेत असे आणि नाक्यावर रोज रोख रक्कम जमा होई. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांची जकात १ जुलै १९९९ रोजी बंद झाली. योगायोगाने नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन त्याच दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. जकातीच्या बदल्यात राज्य सरकार सहायक अनुदान देते आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराची मोठी भिस्त त्यावर असते. उत्पन्नाचे नाके गेले आणि पालिका अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागल्या. स्वतःच्या हक्काचा म्हणावा असा मोठा कर एकच उरला.

गैरसमज: नगरसेवकांच्या मनात येईल तेव्हा घरपट्टी वाढते.

वस्तुस्थिती: घरपट्टी दोन गोष्टींवर ठरते, मालमत्तेचे मूल्य आणि कराचा दर. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मध्ये दोन्हींचे मार्ग वेगवेगळे आहेत. मूल्य ठरवण्याच्या कामात राज्याच्या नगररचना व मूल्यनिर्धारण विभागाचा प्राधिकृत अधिकारी असतो. दर सभागृह ठरावाने ठरवते, पण राज्याने आखून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत.

भाडेमूल्याच्या पद्धतीत हिशेब कसा होतो, ते समजण्यासाठी एक कल्पित घर घेऊ. ते भाड्याने दिले तर महिन्याला २,००० रुपये येतील असे धरले, तर वर्षाचे भाडेमूल्य २४,००० रुपये. त्यातून दुरुस्तीपोटी कायद्याने ठरलेले १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य होते २१,६०० रुपये. सगळे दर मिळून २५ टक्के होत असतील, तर घरपट्टी ५,४०० रुपये. घर तुम्ही भाड्याने दिले आहे की स्वतः राहता, याने ही पद्धत बदलत नाही.

नवी आकारणी यादी दरवर्षी करावी लागत नाही, मात्र चार वर्षांतून एकदा ती करणे अपेक्षित आहे. हीच ती ‘चतुर्थ वार्षिक आकारणी’. ती रखडली की अनेक वर्षांची वाढ एकदम बिलात उतरते आणि लोक हबकतात. यादी तयार झाल्यावर ती जाहीर करावी लागते आणि हरकतीसाठी मुदत द्यावी लागते. घराचे क्षेत्रफळ जास्त लागले, पत्र्याचे घर पक्क्या स्लॅबचे दाखवले, राहत्या खोलीला दुकान म्हटले, असे काहीही असेल तर याच मुदतीत लेखी हरकत घ्यायची आणि पोच जपून ठेवायची. सुनावणी झाल्यावर यादी अंतिम होते. त्यानंतरचा अपिलाचा रस्ता खडतर आहे, कारण आधी मागणीची रक्कम भरावी लागते.

इंग्लंडमध्ये या हिशेबाचा क्रम उलटा आहे. तिथल्या परिषदा आधी वर्षाचा खर्च ठरवतात, इतर उत्पन्न वजा करतात आणि उरलेली तूट घरांवरच्या ‘कौन्सिल टॅक्स’मधून भरून काढतात. हा आकडा दरवर्षी ११ मार्चपर्यंत ठरवावाच लागतो. त्यामुळे कोणत्या सेवेसाठी कर किती वाढला, हे तिथल्या माणसाला विचारता येते. आपल्याकडे खर्चाचा मोठा भाग अनुदानातून येत असल्याने कर आणि काम यांतला धागा दिसत नाही.

गैरसमज: बिलात लिहिलेली सगळी रक्कम पालिकेला मिळते.

वस्तुस्थिती: बिलाचे रकाने एकदा शांतपणे वाचून पाहावेत. एकत्रित मालमत्ता कराखाली शिक्षण कर असतो. दुकान, गोदाम, कार्यालय असेल तर रोजगार हमी कर असतो. हे दोन्ही राज्य सरकारचे कर आहेत. पालिका ते गोळा करते आणि शासनाकडे भरते. वृक्ष कराचे लेखाशीर्ष वेगळे असते.

घरपट्टीची पावती असली की बांधकाम अधिकृत झाले, असेही अनेकांना वाटते. तसे होत नाही. विनापरवाना बांधकामावरही कर आकारला जातो, उलट त्यावर जादा शास्ती लागू शकते. पावतीवरून कर भरल्याचे सिद्ध होते, मालकी किंवा परवानगी त्यावरून सिद्ध होत नाही. प्लॉट किंवा घर घेताना या एका गैरसमजापायी आयुष्यभराची कमाई अडकू शकते.

गैरसमज: नळाला पाणी नाही, तर घरपट्टी भरायची नाही. पुढे माफी मिळतेच.

वस्तुस्थिती: राग समजण्यासारखा आहे. उन्हाळ्यात नळ कोरडा असताना कराचे बिल हाती पडले की कोणाचाही संताप होईल. पण कायद्याने कर हा एखाद्या सेवेचे भाडे नसतो. रक्कम थकली की दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. सरकार कधी कधी अभय योजना आणते, तिचा दिलासा असतो शास्तीपुरता. मूळ कर द्यावाच लागतो.

थकबाकीची झळ पाण्यालाच पोहोचते. नंदुरबारला विरचक धरणातून पाणी येते. ते उपसायचे, शुद्ध करायचे आणि टाक्यांत चढवायचे तर विजेचे बिल दरमहा भरावे लागते. नव्या योजनांतही अनेकदा पालिकेला स्वहिस्सा घालावा लागतो. तिजोरीत स्वतःचा पैसा नसेल, तर मंजूर योजनाही रखडते. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अटी जोडल्या होत्या. मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित व्हावेत, वसुली राज्याच्या स्थूल उत्पादनवाढीच्या प्रमाणात वाढावी आणि हिशेब जाहीर व्हावेत. म्हणजे घरपट्टी थकली तर दिल्लीहून येणारा पैसाही अडू शकत होता.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ आहे, मग आम्हाला का नाही, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. ती २०२२ मधली माफी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतल्या निवासी घरांसाठी आहे आणि मुंबईचा कायदाही वेगळा आहे. आपल्या नगरपरिषदांना ती आपोआप लागू होत नाही. माजी सैनिकांसारख्या घटकांसाठी राज्याची स्वतंत्र सवलत योजना आहे. तिच्यासाठी पालिकेत अर्ज करावा लागतो.

गैरसमज: अर्थसंकल्पात आमच्या प्रभागातला रस्ता आला, म्हणजे तो झालाच.

वस्तुस्थिती: अर्थसंकल्पात येते ती तरतूद. तिच्यामुळे खर्चाची परवानगी मिळते, एवढेच. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मंजुरी, निविदा आणि कार्यादेश अशा पायऱ्या असतात. यातली एक जरी रखडली तरी वर्ष संपते आणि तोच रस्ता पुढच्या अर्थसंकल्पात पुन्हा दिसतो. म्हणून यंदाच्या तरतुदीशेजारी गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च पाहायला हवा. पालिकेचा खरा कारभार त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात दिसतो.

काही तरतुदी मात्र ऐच्छिक नसतात. दिव्यांगांसाठी ५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दुर्बल घटकांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवण्याचे शासनाचे आदेश आहेत. हा निधी मागे पडला, तर विचारण्याचा हक्क त्या घटकांना आहे.

सभागृह अस्तित्वात नसतानाही अर्थसंकल्प होतोच. राज्यातल्या अनेक नगरपरिषदांनी काही वर्षे प्रशासकांच्या हाताखाली काढली. तेव्हा सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे असतात आणि मंजुरीही तोच देतो. सही होते, चर्चा मात्र होत नाही. लोकांनी निवडलेले सभागृह का हवे, याचे याहून ठोस कारण सापडणार नाही.

गैरसमज: पेसा भागात घरपट्टी नसते आणि गावाला अर्थसंकल्प नसतो.

वस्तुस्थिती: २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार आहे आणि तिच्यातली सहापैकी पाच माणसे खेड्यांत राहतात. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे तालुके पूर्णपणे, तर नंदुरबार आणि शहादा अंशतः अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या भागात आहेत. तिथेही ग्रामपंचायत घरपट्टी आकारते आणि दरवर्षी अंदाजपत्रक करते. डिसेंबर २०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर गावातली आकारणी इमारतीच्या भांडवली मूल्यावर होते. मागणीचे बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायत सदस्य अपात्रही ठरू शकतो.

पेसा कायद्याने करातून सूट दिलेली नाही. त्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. विकासाच्या योजना ग्रामसभेने मंजूर करायच्या आणि निधी कसा वापरला याचे प्रमाणपत्रही तिनेच द्यायचे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभा ठरवते. शहरी भागाला तसा कायदा संसदेने अजून केलेला नाही. त्यामुळे धडगावसारख्या ठिकाणी ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते, तेव्हा ग्रामसभेची ही सत्ताही संपते. धडगावच्या माणसाने नगरपंचायतीच्या अर्थसंकल्पावर अधिक बारीक नजर ठेवावी, ती यासाठी.

मग आपण काय करायचे?

डिसेंबर-जानेवारीत, अर्थसंकल्पाची जुळवाजुळव चालू असते तेव्हाच, प्रभागातली दोन-तीन कामे लेखी स्वरूपात मुख्याधिकारी आणि नगरसेवकांना द्यावीत. मंजूर अर्थसंकल्पाची प्रत मागावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार तो स्वतःहून जाहीर करणे पालिकेचे कर्तव्य आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या अहवालातले आक्षेप वाचावेत. आपल्या मालमत्तेचा आकारणी उतारा काढून क्षेत्रफळ आणि वापर तपासावा. आणि घरपट्टी मुदतीत भरावी.

शेवटची गोष्ट सर्वांत कमी आवडीची, पण बाकीच्या सगळ्यांना तिच्यामुळे बळ मिळते. अनुदानाचा हिशेब पालिका वरच्या सरकारला देते. घरपट्टीचा हिशेब तिने आपल्याला द्यायचा असतो. तो मागणारी माणसे प्रत्येक प्रभागात उभी राहिली, तर फेब्रुवारीची ती सभा अर्ध्या तासात आटोपणार नाही. आपल्या शहराच्या भल्यासाठी ती लांबलीच पाहिजे.