लाल नव्हे, निळं बघा

शिरवळच्या कारखान्यांतून येणाऱ्या तरुण इंजिनिअरांना मी वाऱ्याचं सीएफडी शिकवतो, म्हणजे इमारतीभोवती वारा कसा वाहील याचं संगणकावरचं गणित. दोन दिवस, ज्याचा त्याचा लॅपटॉप आणि गणिताला एक साधी पत्र्याची शेड. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी ओरडतंच, "सर, आलं उत्तर!" स्क्रीनवर दाबाचं इंद्रधनुष्य उमटलेलं असतं.

"कशावरून आलं?"

"कन्व्हर्ज झालं ना."

हा गैरसमज ऐकून ऐकून आता कान किटले. कन्व्हर्ज झालं म्हणजे हवेचे तुकडे पाडायला तुम्ही आखलेल्या जाळीवर, तुम्ही घातलेल्या अटींसह आकडे हलायचे थांबले, एवढंच. अटी चुकल्या असतील तर चुकीचं उत्तरही तितक्याच शांतपणे स्थिर होतं. गेल्या खेपेला एकाने शेडच्या डोक्यावर जेमतेम शेडच्याच उंचीइतकी हवा ठेवली होती. वाऱ्याला जायला वाटच नाही, मग तो पत्र्यावरून सुसाट सुटला आणि आकडे फुगले. चित्र मात्र देखणं आलं होतं. युरोपातल्या कॉस्ट 732 या प्रकल्पाने 2007 मध्ये यासाठी मार्गदर्शक नियम काढले: समोर, बाजूंना आणि वर इमारतीच्या उंचीच्या 5 पट मोकळी हवा, मागे 15 पट. जाळी बारीक करत निदान तीनदा गणित सोडवायचं आणि उत्तर बदलतं का ते बघायचं. तीनदा म्हटलं की वर्गात चुळबुळ सुरू होते.

बरं, चित्र बरोबर आलं तरी वाचायचं कसं? बोट हमखास समोरच्या भिंतीवरच्या लाल डागावर जातं. "इथं जोर जास्त!" असेल, पण भिंत तो सोसते. पत्रा उडतो तो गडद निळ्यातून. वारा छताच्या पुढच्या कडेवरून सुटतो, तिथं दाब उणा होतो आणि पत्रा वर ओढला जातो. दार उघडं असेल तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. ‘वारा आत शिरला म्हणून पत्रा उडाला’ हे गावातलं स्पष्टीकरण अर्धंच खरं आहे, कारण बंद शेडचेही पत्रे उडतात.

शंका असेल तर हिशेब करा. आयएस 875 या भारतीय संहितेच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. वेगाचा वर्ग गुणिले 0.6 केलं की चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन येतात, म्हणजे 93 किलोचा भार. ओढ तेवढीच धरली, तरी चौरस मीटरभर पत्र्याचं वजन पाचेक किलो! वर ठेवलेला दगड काय करणार? पत्रा धरून ठेवतात ते स्क्रू आणि पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे दांडे. कडांना आणि कोपऱ्यांना स्क्रू दाट हवेत, कारण ओढ तिथंच सर्वांत मोठी, आणि याच संहितेत त्या जागांसाठी वेगळे, मोठे गुणांक दिलेले आहेत. वळवाच्या वाऱ्यानंतर शिरवळात फेरी मारा, पत्रे बहुधा कोपऱ्यापासूनच उचकटलेले दिसतील.

आणखी एक गोम आहे. वाऱ्यातल्या खळबळीच्या हिशेबासाठी वर्गात सगळे आधी के-एप्सिलॉन मॉडेल निवडतात, कारण ते यादीत वरती सापडतं. कडेवर सुटलेला प्रवाह या मॉडेलच्या मूळ रूपाला नीट पकडता येत नाही. इंग्लंडात सिल्सो इथं मोकळ्या रानात 6 मीटरचा घन उभारून खऱ्या वाऱ्यातला दाब मोजलेला आहे. आपलं गणित त्या आकड्यांशी ताडायचं आणि मगच शेडला हात घालायचा. शिवाय ही मॉडेलं सरासरी वारा देतात, पण स्क्रू उपटतो झोत. 1 नोव्हेंबर 1965 रोजी इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीजकेंद्राच्या 8 शीतकरण मनोऱ्यांपैकी 3 कोसळले. तेव्हा संगणकाचा प्रश्नच नव्हता, पण चूक हीच होती. डिझाइनमध्ये मिनिटाची सरासरी धरली होती, झोत धरलेच नव्हते, आणि शेजारचे मनोरे वारा कसा वळवतात तेही सुटलं होतं.

बाकीचे समज झटपट. ‘महागडं सॉफ्टवेअर लागतं’: ओपनफोम 2004 पासून मुक्त आहे, आणि आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ते शिकवतो. ‘महासंगणक हवा’: सरावाच्या शेडला साधा लॅपटॉप आणि रात्रभर चार्जर पुरतो. ‘आता वातबोगद्याची (विंड टनेलची) गरज उरली नाही’: उंच इमारतीचा मालक असाल तर असं बोलू नका.

आणि चहाच्या गाडीवर भेटणारा तो शेवटचा समज: पवनचक्क्या ढग पळवतात म्हणून माणला, जतला पाऊस नाही. पात्यांमागचा मंदावलेला वारा आम्ही वर्गात काढून दाखवतो. तो काही किलोमीटरांत पुन्हा सावरतो आणि पावसाच्या ढगाची जाडी पवनचक्कीच्या उंचीच्या कित्येक पट, काही हजार मीटर असते. माण-जत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत, ते पहिल्यापासून. 1972 च्या दुष्काळात आज पवनचक्क्यांनी भरलेल्या चाळकेवाडीच्या पठारावर एकही पवनचक्की नव्हती.