स्वयंपाकघराची भिंत : चुना, रंग की टाइल?

घरातील इतर भिंतींच्या मानाने स्वयंपाकघराच्या भिंतीला फार सोसावे लागते. तिच्यावर रोज दोन वेळा वाफ आदळते, फोडणीच्या तेलाचे सूक्ष्म थेंब चिकटतात, हळदीचे डाग पडतात. आणि जेथे लाकूड वा शेण्या जळतात तेथे काजळीचा थर चढतो. या भिंतीला कोणता लेप द्यावा, हा प्रश्न शोभेचा आहेच. पण तो आरोग्याचा आणि खर्चाचाही आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास छत्तीसगडमधील रायपूर हे नगर फार सोयीचे आहे. मे महिन्यात तेथील पारा कित्येकदा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर वर्षाकाठी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. भिंतीच्या लेपाची अशी दुहेरी परीक्षा सर्वत्र होत नाही. शिवाय आसपासच्या खेड्यांतील छुहीने, म्हणजे पांढऱ्या मातीने, सारवलेली मातीची घरे, शहरातील चुन्याच्या गिलाव्याची जुनी घरे आणि सिमेंटच्या नव्या इमारती अशा तिन्ही तऱ्हा तेथे एकाच दिवसात पाहता येतात. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर १८५४ पर्यंत होता, आणि मराठी कुटुंबांची वस्तीही येथे जुनीच आहे. त्यामुळे हा प्रश्न तेथील मराठी घरांनाही परका नाही.

पायाखालचा चुनखडक

रायपूरच्या मैदानाखाली चुनखडकाचे जाड थर पसरलेले आहेत. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी हा खडक साचला. सूक्ष्म जीवांच्या थरांनी घडवलेल्या घुमटाकार आकृत्या त्यात आजही दिसतात. या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच खडकाच्या बळावर.

हा खडक भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापविला म्हणजे त्यातून कर्बद्विप्राणिल वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडकापासून ५६ किलो चुना मिळतो. त्यावर पाणी घातले की तो खदखदतो, तापतो आणि विरतो. हा विरलेला चुना पातळ करून भिंतीला दिला म्हणजे तो हवेतील कर्बद्विप्राणिल पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडकच बनतो. म्हणजे चुन्याची सफेदी हा भिंतीवर नव्याने घडलेला दगडाचा पातळ थरच होय.

ताजा चुना अत्यंत अल्कधर्मी असतो आणि अशा थरावर बुरशी व जंतू तग धरू शकत नाहीत. मात्र चुन्याचे दगडात रूपांतर होऊ लागले म्हणजे हा गुण ओसरतो. म्हणूनच पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आधी, दरवर्षी सफेदी करण्याच्या रिवाजास शास्त्राचा भक्कम आधार आहे : ओलीने वाढलेल्या बुरशीवर नवा थर चढतो तो तिचा नाश करीतच. चुन्याचा थर सच्छिद्र असल्याने भिंतीतील ओल त्यातून बाहेरही पडू शकते. सफेदीत किंचित नीळ घालतात, कारण तिच्यामुळे पिवळसर झाक लोपून पांढरा रंग अधिक शुभ्र भासतो.

काजळी गेली, तेल आले

चुलीच्या घरात भिंतीचा मुख्य शत्रू काजळी हा होता. काळी पडलेली भिंत धुण्याऐवजी तिच्यावर नवा हात देणे हाच तेथे स्वस्त व सोपा उपाय ठरे. सारवण, छुही आणि चुना या सर्वांचे तत्त्व एकच : लेप धुवायचा नाही, बदलायचा. या बदलाचे कष्ट बहुधा घरातील स्त्रियांच्याच वाट्याला येत; आणि जो धूर भिंतीवर बसे तोच त्यांच्या फुप्फुसांतही जाई.

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचला. गॅसवर काजळी फारशी नसते. तेल मात्र राहतेच. तापलेल्या कढईतून उडालेले तेलाचे कण भिंतीवर बसतात आणि हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट व चिकट होतात. सूर्यफूल, सोयाबीन, करडई या तेलांत ही क्रिया विशेष त्वरेने घडते. जवसाच्या तेलापासून तैलरंग बनतो तो नेमक्या याच क्रियेमुळे. म्हणजे शेगडीमागची भिंत नकळत रोज थोडी थोडी तैलरंगाने रंगत असते! असा थर नुसत्या पाण्याने निघत नाही. त्याला साबण किंवा धुण्याचा सोडा लागतो. चुन्याच्या सच्छिद्र थरात तर तेल आत मुरते आणि डाग कायमचा होतो.

रंगाच्या डब्यात काय असते?

प्रत्येक रंगात मुख्यतः तीन घटक असतात : रंगद्रव्य, त्याला भिंतीशी बांधून ठेवणारा बंधक, आणि सुकताना उडून जाणारा द्रव. रंगद्रव्य जास्त व बंधक कमी असेल तर थर खडबडीत, बिनचकाकीचा आणि सच्छिद्र होतो. साधे डिस्टेंपर या जातीचे आहे. ते स्वस्त असते, पण ओल्या फडक्याने पुसले की हाताला लागते. बंधक जास्त असला तर थर अखंड व तुकतुकीत होतो आणि वारंवार धुता येतो. म्हणून स्वयंपाकघरासाठी मंद चकाकीचा, धुता येण्याजोगा प्लॅस्टिक इमल्शन रंग बरा ठरतो.

एनॅमल हा तैलजातीचा रंग याहूनही कठीण व धुण्यास सोपा. पण तो ताज्या सिमेंटवर वा चुन्यावर देणे ही मोठी चूक होय. गिलाव्यातील अल्क आणि रंगातील तेल यांचा संयोग होऊन भिंतीवरच साबण तयार होतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो.

रायपूरलगतच्या हिरापूर-जरवाय येथील महिलांच्या बचत गटाने २०२२ मध्ये शेणापासून रंग बनविण्यास प्रारंभ केला. खादी व ग्रामोद्योग आयोगाने तत्पूर्वी २०२१ मध्ये असाच रंग बाजारात आणला होता. अशा रंगाचीही परीक्षा करावयाची ती बंधकावरूनच : डिस्टेंपर प्रकारचा असेल तर तो शेगडीपासून दूर, आणि इमल्शन प्रकारचा असेल तर धुण्याच्या जागी.

जुन्या घरांत आणखी एक दक्षता हवी. पूर्वीच्या पिवळ्या, लाल व हिरव्या रंगांत शिशाची संयुगे असत आणि शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचे थर कोरडे खरवडून धूळ उडवू नये. ते ओले करून काढावेत आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

टाइल आणि तिचे सांधे

चिनी मातीच्या टाइलचा पृष्ठभाग म्हणजे भट्टीत वितळवून बसविलेली काच. तिच्यात तेल मुरत नाही, हळद रुतत नाही आणि आचेने ती करपत नाही. दोष असतो तो सांध्यांत. तेथील सिमेंट सच्छिद्र असल्याने ते काळवंडते. म्हणून शेगडीमागे मोठ्या टाइल व थोडे सांधे ठेवणे, किंवा एपॉक्सीचे सांधे भरणे हितावह. भिंतीच्या साध्या टाइल पाणी शोषतात, म्हणून सिमेंटात बसविण्यापूर्वी त्या भिजवाव्या लागतात. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी शोषतच नाहीत. त्यांना विशेष चिकटद्रव्य हवे, नाही तर काही काळाने त्या पोकळ वाजू लागतात.

रायपूर भागातील फरशीचा दगड स्वस्त व टिकाऊ असतो. तथापि तोही चुनखडकच. लिंबू, चिंच वा आम्ल लागले तर त्यावर डाग उठतात. प्लॅस्टिकचे तक्ते दिसण्यास सुबक असले, तरी आचेजवळ ते मऊ पडून वाकतात. शेगडीमागे ते लावू नयेत.

निवड कशी करावी?

सबंध खोलीस एकच लेप हवा, हा आग्रह सोडला की निवड सोपी होते. शेगडी आणि मोरी यांच्या मागे, ओट्यापासून निदान दोन फूट उंचीपर्यंत, टाइल लावावी. उरलेल्या भिंतींना धुता येणारा इमल्शन रंग आणि छताला, जेथे वाफ साचते, चुना द्यावा. मातीच्या भिंतीवर मात्र टाइल वा तैलरंग चढवू नये. ओल आत कोंडून भिंत फुगते. तेथे चुना वा छुहीच योग्य, आणि शेगडीमागे सुटा दगड किंवा पत्रा उभा करावा.

कोणताही रंग देण्याआधी भिंत कोरडी आहे ना, हे पाहावे. प्लॅस्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीस घट्ट लावून एक अहोरात्र ठेवावा. आतून दवबिंदू दिसले तर ओल अद्याप आहे असे समजावे, आणि प्रथम गळती शोधावी.

शाळेतही एक प्रयोग सहज करता येईल. विटेच्या चार तुकड्यांपैकी एकास चुना, दुसऱ्यास डिस्टेंपर, तिसऱ्यास इमल्शन द्यावे आणि चौथ्यावर टाइलचा तुकडा बसवावा. सर्व नीट सुकल्यावर प्रत्येकावर हळद घातलेल्या तेलाचा एकेक थेंब टाकावा. आठवड्याने साबणाच्या पाण्याने पुसून कोणता डाग किती उरला, याची नोंद करावी. आपल्या स्वयंपाकघरातील कोणत्या भिंतीस काय शोभेल, याचा निर्णय विद्यार्थ्यांना त्या नोंदीवरून स्वतःच करता येईल.