पत्र्याचे अभ्यंगस्नान

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आपल्या घरांतून धुण्यापुसण्याची एकच धांदल उडते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात. पितळेची समई चिंचेने घासून लख्ख होते. पंख्यांची पाती, खिडक्यांचे गज, पुस्तकांची कपाटे, कोणी म्हणून सुटत नाही. घरच्या कर्त्या पुरुषालाही त्या दिवसांत फडके हातात घेऊन स्टुलावर चढावेच लागते! पण या साऱ्या गडबडीत घरातला एक इमानी सेवक मात्र दरसाल पारोसाच राहतो. जूनपासून चार महिने मुसळधार पाऊस त्याने छातीवर झेललेला असतो. आतल्या भिंतींना ओल आली नाही, कपाटातल्या शालूला बुरशी लागली नाही, ती त्याच्याच कृपेने. हा सेवक म्हणजे घराच्या बाहेरच्या अंगाला, पश्चिमेच्या भिंतीवर ठोकलेला पत्रा.

वसई-विरारकडच्या मंडळींना हा पत्रा बोट करून दाखवायला नको. पूर्वी पावसाळा तोंडावर आला, की इकडच्या वाड्यांतून पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधीत, कारण पावसाची झड दर्यावरून येते ती त्याच बाजूने. पुढे कौलारू घरांच्या जागी इमारती उठल्या. २०११ च्या शिरगणतीत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेली. झापांची जागा पत्र्याने घेतली. आता गळक्या भिंतीला पत्रा, खिडकीवर पत्रा, गच्चीवर तर पत्र्याचा मांडवच! पत्रा एकदा ठोकला, की आपण निश्चिंत होतो. पाच-सात वर्षांनी त्यावर तांबडे डाग दिसू लागले, म्हणजे मग पत्रेवाल्याच्या नावाने बोटे मोडायची. पण या तांबड्या डागांचे खरे कारण बहुतेक वेळा निराळेच असते, आणि ते कळले तर त्यावरचा उपाय अगदी घरगुती आहे.

आधी हा पत्रा असतो कसा, ते पाहू. पातळ पत्रा सपाट असला तर हाताने वाकतो. त्यालाच पन्हळी पाडल्या, की तो ताठ उभा राहतो. ही युक्ती इंग्लंडात हेन्री पामर नावाच्या अभियंत्याने १८२९ साली पेटंट करून घेतली. लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने १८३७ साली घेतले. या दोन युक्त्यांचे लग्न लागले आणि आजचा पन्हळी पत्रा जन्मला.

जस्ताचे काम केवळ पांघरुणाचे नाही. पत्र्यावर ओरखडा पडून आतले लोखंड थोडे उघडे पडले, तरी शेजारचे जस्त आपण झिजते आणि लोखंडाला वाचवते. स्वतः अर्धपोटी राहून मुलांच्या पानात वाढणाऱ्या आईसारखाच हा प्रकार. परंतु या आईची पुंजी फार थोडी. चांगल्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असते, स्वस्त पत्र्यावर १२० ग्रॅमच. २७५ ग्रॅम म्हणजे एका बाजूचा थर किती जाड? मिलिमीटरचा पन्नासावा भाग! हल्लीच्या पुष्कळ रंगीत पत्र्यांना रंगाखाली मिश्र मुलामा असतो. हा १९७२ पासून बाजारात आला. त्यात शंभरात ५५ भाग अॅल्युमिनियम, सुमारे साडेत्रेचाळीस भाग जस्त आणि बाकीचे सिलिकॉन. हा मुलामा अधिक टिकतो खरा, पण अमरपट्टा घेऊन तोही आलेला नाही.

आता या पुंजीवर डल्ला मारणारा चोर कोण? आपण एकदम पावसाकडे बोट दाखवतो. पण उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडून पाहा. मीठ ओलसर, पाझरलेले दिसते. बरणीत पाणी कोणी घातले? कोणीच नाही. मिठाने ते हवेतून ओढून घेतले. हेच मीठ समुद्राच्या वाऱ्याबरोबर येऊन पत्र्यावर बसते. अर्नाळा, कळंब, भुईगाव हा सारा किनारा एका अंगाला, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची, शिवाय नायगावकडची मिठागरे. मीठ बसलेला पत्रा कोरड्या दिवशीही पुरता कोरडा होत नाही. संध्याकाळी हवा दमट झाली, की तो गुपचूप ओला होतो, आणि रात्रभर जस्त झिजत राहते. जस्त संपले, की लोखंडाची पाळी.

लोखंडाची गंजण्याची रीतही वाईट. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. तांबे-कथिलाच्या अशा घंटेवर काळाबरोबर जो थर चढतो, तो घट्ट बसून आतल्या धातूला चिलखत होतो. लोखंडाचा गंज मात्र पोकळ. तो फुगतो, खपल्या धरून गळतो, आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा वाऱ्यावर उघडे टाकतो.

म्हणजे पाऊस शत्रू नव्हे की काय? उघड्या पत्र्याच्या बाबतीत तो थोडाबहुत मित्रच म्हणायचा. जिथे पावसाची धार थेट लागते, तिथले मीठ ती धुऊन नेते. खरा धोका असतो तो आडोशाच्या जागी. छज्जाखालची पट्टी, खिडकीच्या पत्र्याची खालची बाजू, दोन पत्रे एकमेकांवर चढतात तो सांधा, पन्हळाच्या मागची भिंत, गच्चीच्या मांडवाची आतली बाजू. इथे वारा मीठ आणून टाकतो, पण पाऊस ते न्यायला येत नाही. म्हणून गंजाची सुरुवात पुष्कळदा वळचणीला होते. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपण म्हणतो. पण वळचणीचा गंज मात्र हळूहळू आढ्याला पोचतो, हे पत्र्याच्या घरात राहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तेव्हा उपाय एकच: जे पावसाने धुतले नाही, ते आपण धुवावे. आणि ते गोड्या पाण्याने.

या गोड्या पाण्याची गोष्ट वसईकरांनी नीट ऐकावी. खाडीजवळच्या पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी मचूळ असते. त्या पाण्याने पत्रा धुणे म्हणजे मिठाला मिठाने घालवण्यासारखे! पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते, त्यातही क्षार अधिकच असतात. ते फरशीला चालेल, पत्र्याला नको. नळाचे पाणी उत्तम. पण सूर्या नदीवरून, पेल्हार-उसगावहून येणारे ते पाणी किती जपून वापरावे लागते, हे गृहिणींना सांगणे नलगे. म्हणून साऱ्या भिंतीवर पाण्याचा वर्षाव करू नये. आडोशाच्या जागा तेवढ्या निवडाव्यात. पावसाचे साठवलेले पाणी हाताशी असेल, तर त्याच्यासारखे दुसरे नाही.

धुण्याची रीत सोपी आहे. सकाळी, पत्रा उन्हाने तापण्यापूर्वी सुरुवात करावी; तापल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि डाग राहतात. आधी कोळ्याची जाळी, पक्ष्यांची घरटी, सांध्यात अडकलेला पालापाचोळा काढून टाकावा. ओला पाला हाही पत्र्याला दिवसरात्र ओला ठेवतो. मग बादलीभर पाण्यात भांड्याचा सौम्य साबण घालून मऊ फडक्याने किंवा मऊ ब्रशाने खालून वर पुसत जावे. वरून सुरुवात केली, तर साबणाचे ओघळ खालच्या कोरड्या मळावरून वाहतात आणि त्यांच्या रेघा उमटतात. शेवटचे स्वच्छ पाणी मात्र वरून खाली सोडावे. झाले अभ्यंगस्नान! तेल-उटणे लागत नाही, एवढाच काय तो फरक.

काही पथ्ये मात्र कडक आहेत. तारेचा काथ्या पत्र्यावर कधीही फिरवू नये. तो मळाबरोबर मुलामाही खरवडून नेतो. फरशीचे अॅसिड जस्ताला क्षणात खाते. त्यात कोणी ब्लीचिंग पावडर मिसळली, तर विषारी वायू निघतो, तेव्हा तो प्रयोग मुळीच नको. गच्चीवर गिलावा चालू असेल, तर ओला सिमेंट-चुना पत्र्यावर वाळू देऊ नये. वातानुकूल यंत्राच्या तांब्याच्या नळीवरून टपकणारे पाणीही पत्र्यावर पडू देऊ नये, कारण तांब्याचा स्पर्श झालेले पाणी जस्ताचे वैरी. पत्र्याला भोके पाडली, की लोखंडाचा किस त्याच दिवशी झाडून काढावा. राहिला तर तोच आधी गंजतो आणि चांगल्या पत्र्यावर ठिपके उठवतो. आणि आपला पत्रा जुन्या काळचा सिमेंटचा असेल, तर ही सारी रीत विसरावी. त्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. तो घासू नये, फोडू नये, जाणकाराला विचारावे.

गंज धरलाच असेल, तर फक्त तेवढ्या जागी तारेचा ब्रश चालतो. खपल्या काढून धातू स्वच्छ होईपर्यंत घासावे, धूळ पुसावी, जस्तयुक्त प्रायमरचा हात द्यावा, आणि तो वाळल्यावर रंगाचे दोन हात. इथे रंगारी एक घाई करतात. कोऱ्या जस्ताच्या पत्र्यावर थेट तेलरंग फासतात. जस्त आणि तेलरंग यांचे जमत नाही. दोघांच्या संयोगाने मधे साबणासारखा थर तयार होतो, आणि एक-दोन पावसाळ्यांत रंग पापुद्र्यासारखा सुटतो. जस्तासाठीचा वेगळा प्रायमर मिळतो. तो आणला का, हे रंगाऱ्याला आधीच विचारावे.

राहता राहिले स्क्रू. पत्रा धडधाकट आणि स्क्रू कुजलेला, असे पुष्कळदा दिसते. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने तडकतो, आत पाणी झिरपते, आणि पत्र्याच्या भोकाची कड गंजून भोक मोठे होते. मग पत्रा केवळ सवयीने भिंतीला चिकटून असतो! १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ हाच किनारा घासून गुजरातकडे गेले. अशा वाऱ्यात सुटलेला पत्रा म्हणजे उडती तलवार. तो आपल्या घराचा असला, तरी कोसळतो रस्त्यावरच्या माणसावर. म्हणून दरवर्षी मे महिना लागण्यापूर्वी स्क्रू तपासून घ्यावेत. हे काम मात्र घरच्या माणसाचे नव्हे. ओल्या पत्र्यावर पाय ठेवू नये, विजेच्या तारेजवळ पाण्याची धार सोडू नये, आणि पहिल्या मजल्याच्या वरचे काम कमरेला दोर बांधणाऱ्या कसबी माणसालाच द्यावे. त्याची मजुरी इस्पितळाच्या बिलापेक्षा केव्हाही स्वस्त.

आता हे सारे करायचे केव्हा? त्यासाठी वेगळी टिपणवही नको, आपले पंचांग पुरेसे आहे. दिवाळीला पहिले स्नान, पावसाळ्याची माती आणि शेवाळ काढण्यासाठी. पुढचे आठ महिने पाऊस नाही, म्हणजे मीठ साठण्याचे तेच दिवस. तेव्हा संक्रांतीला दुसरे आणि अक्षय्य तृतीयेला तिसरे, स्क्रूंच्या तपासणीसह. गणपतीपूर्वी घर आवरताना वळचणीवरून एक ओले फडके फिरवले, की वर्ष भागले. गृहनिर्माण संस्थांच्या चिटणीसांनी हा क्रम फळ्यावर लिहून ठेवायला हरकत नाही. गच्चीचा मांडव नव्याने घालायचा, तर प्रत्येक बिऱ्हाडाकडे वर्गणी मागावी लागते, आणि ती मागताना काय काय ऐकावे लागते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

यंदा आकाशकंदील टांगायला कोणीतरी स्टुलावर चढेलच. चढल्यासरशी त्याने मान वर करून वळचणीकडे एकदा पाहावे. तिथे पांढुरकी पूड दिसली, तर जस्त झिजू लागले आहे असे समजावे. तांबडा ठिपका दिसला, तर उशीर झाला आहे, पण फार नाही. खालच्याने एक बादली गोडे पाणी आणि एक मऊ फडके वर द्यावे, आणि मगच कंदील टांगावा.