विश्लेषण : फोर्ट्रानमधून ‘तीन वाटांचा इफ’ का वगळला? पुण्यातील हवामान अंदाजाशी त्याचा संबंध काय?

पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील, म्हणजेच ‘आयआयटीएम’मधील ‘अर्का’ या ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेच्या महासंगणकाचे लोकार्पण सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. यंत्र नवे असले तरी जगभरातील बहुतेक हवामान मॉडेल आजही १९५७ मध्ये आलेल्या फोर्ट्रान या भाषेतच आहेत. त्या भाषेतील एक मूळ सुविधा २०१८च्या मानकातून वगळण्यात आली. नव्या कोडमध्ये ती क्वचितच कोणी वापरत होते, तरी तिला निरोप द्यायला जवळपास तीन दशके लागली.

सुविधा कोणती होती?

तिचे नाव ‘अरिथमेटिक इफ’. एखादी संख्या ऋण असेल तर १० क्रमांकाच्या ओळीवर जा, शून्य असेल तर २० वर आणि धन असेल तर ३० वर, असा आदेश त्यात एकाच ओळीत देता येई. आयबीएम ७०४ या संगणकासाठीच्या पहिल्या फोर्ट्रानपासून ती होती. पुढे ‘फोर्ट्रान ७७’मध्ये ‘इफ-देन-एल्स’ ही सुटसुटीत रचना आली आणि तीन वाटांच्या इफची गरज संपत गेली.

मग अडचण काय होती?

पहिली अडचण वाचण्याची. प्रोग्राम या ओळीवरून त्या ओळीवर उड्या मारत असेल, तर तो समजणे माणसाला अवघड जाते आणि वेगवान करणे कंपायलरला. दुसरी अडचण गणिताची. आधुनिक संगणकात ‘नॅन’ नावाचे मूल्य असते. उदाहरणार्थ, शून्याला शून्याने भागले की ते मिळते. ते ऋण नाही, शून्य नाही आणि धनही नाही. तीनच वाटा असल्या तर त्याने जायचे कुठे?

लगेच का काढली नाही?

‘फोर्ट्रान ९०’ने तिला ‘कालबाह्य’ यादीत टाकले. प्रत्यक्षात ती ‘फोर्ट्रान २०१८’मध्ये वगळली गेली. आधी इशारा द्यायचा, वगळायचे पुढच्या एखाद्या आवृत्तीत, अशी ही पद्धत आहे. कारण विज्ञानातील कोड अनेक दशके चालतो आणि लिहिणारे निवृत्त झाले तरी वापरात राहतो.

पुण्याला याचे काय?

‘आयआयटीएम’ने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ पासून कार्यान्वित आहे. पूर्वी १२ किलोमीटरच्या चौकटीत मिळणारा अंदाज तिच्यामुळे ६ किलोमीटरवर आला. अशा मॉडेलमध्ये जुना भाग नव्याने लिहिताना उत्तर तेच येते का, हे तपासणे सर्वांत जिकिरीचे असते. बेरजेचा क्रम बदलला तरी दशांश चिन्हानंतरचे शेवटचे आकडे बदलू शकतात. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला आणि काही काळानंतरचे हवामान पार वेगळे निघाले. त्यामुळे एक ‘इफ’ बदलणे पाच मिनिटांचे काम असले, तरी मॉडेल बिघडलेले नाही याची खात्री करायला कितीतरी अधिक वेळ लागतो. पेरणीचा निर्णय ज्या अंदाजावर घेतला जातो, तिथे ही खात्री टाळता येत नाही.

वगळली म्हणजे जुना कोड बंद पडला का?

नाही. मानकातून वगळलेली सुविधा कंपायलरने टाकून द्यावीच, असे बंधन नाही. ‘जीफोर्ट्रान’ हा मोफत कंपायलर अशी ओळ दिसली की इशारा देतो, पण प्रोग्राम तयार करतो. २०१८चे मानक काटेकोर पाळण्याचा पर्याय निवडला, तरच तो अडवतो. बदलाचा खरा अर्थ असा, की नव्या कोडमध्ये ही सुविधा वापरायची नाही आणि नव्या कंपायलरवर ती चालेलच, असे गृहीत धरायचे नाही.

आता क्रम कोणाचा?

‘फोर्ट्रान २०१८’ने ‘कॉमन’, ‘इक्विव्हॅलन्स’ आणि ‘फोरऑल’ यांना कालबाह्य यादीत टाकले आहे. यातील ‘फोरऑल’ १९९५च्या आवृत्तीत वेगासाठी आणले होते. पण अपेक्षित वेग मिळाला नाही आणि ‘डू कॉन्करंट’ हा पर्याय आला. ‘कॉमन’ मात्र जुन्या वैज्ञानिक कोडमध्ये पानोपानी सापडते. त्यामुळे ‘फोरऑल’ला निरोप देणे त्या मानाने सोपे, ‘कॉमन’ काढायची वेळ आली, तर जुन्या कोडच्या मोठ्या भागाची पुन्हा तपासणी करावी लागेल.