पूर्वज खरेच धर्मासाठी हुतात्मा झाला का? घरच्या आठवणीचा शोध दप्तरापर्यंत

चंदगड : तिलारी घाटाने गोव्याशी जोडलेल्या या परिसरात कुलदैवत गोव्यात असलेली घराणी आढळतात. अशा घराण्यात पूर्वज धर्मासाठी मारला गेल्याची आठवण सांगितली जात असेल, तर ती पडताळायची कशी?

प्रथम इतिहासाची चौकट पाहावी. साष्टीतील कुंकळ्ळी येथे २५ जुलै १५८३ रोजी, देवळे पाडल्याच्या रोषातून, ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या सोळा प्रमुखांना बोलणीसाठी आसोळणेच्या किल्ल्यात बोलावले व त्यांची हत्या केली. एकच जण निसटला, असे सांगितले जाते. पाच जेझुइटांना पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये ‘धन्य’ घोषित केले. गावप्रमुखांचे स्मारक मात्र एकविसाव्या शतकात उभे राहिले. एकाच घटनेने दोन्ही बाजूंना हुतात्मे दिले. पण कागद एका बाजूनेच नीट जपले.

म्हणूनच दुसऱ्या बाजूच्या वंशजांना शोध अनेक ठिकाणी घ्यावा लागतो. सीमाभागात हेळवी घरोघर येऊन वंशावळ सांगतात. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे, गाव व पिढ्या नोंदलेल्या असतात. घरातील मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत. पणजी येथील पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला असल्यास चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्या उपयोगी पडतात. गोव्यातील धर्मसमीक्षण संस्था (इन्क्विझिशन) १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, कार्यरत होती, तिच्यावरील अ. का. प्रियोळकर यांचा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता हिशेब मांडावा. १५८३ पासून आजवर सुमारे १५ ते १८ पिढ्या होतात. वंशावळ सात-आठ पिढ्यांतच त्या काळापर्यंत पोहोचत असेल, तर मधली नावे गळली आहेत किंवा घटना नंतरची आहे. केवळ आडनाव किंवा कुलदैवत जुळणे, हा पुरावा नव्हे. दंड, जमिनीची जप्ती किंवा छळाच्या भीतीने झालेले स्थलांतर आणि धर्मासाठी झालेला मृत्यू या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कौटुंबिक कथेत त्या सहज एक होतात.

पूर्वज हुतात्मा नव्हे, तर देव बरोबर घेऊन परमुलखात आलेला निर्वासित ठरला, तर त्याचे मोल कमी होत नाही. उलट, ज्याने खरोखर प्राण दिले त्याचे नाव दुसऱ्याच्या कथेत हरवू नये, यासाठी ही पडताळणी आवश्यक आहे.